नाताळच्या गडबडीत नाताळ राहून जाऊ नये म्हणून

(या भागात जे बोलले ते इथे लिहून ठेवलंय. ऐकायला वेळ नसेल त्यांनी वाचावं, वाचायचा कंटाळा असेल त्यांनी ऐकावं.)

ट्रेनमध्ये उभ्याने ऐकत असाल तर आधी एका हाताने दांडा नीट धरा. मीसुद्धा दांड्याचीच. म्हणजे खारदांड्याची, खार स्टेशनला उतरून पश्चिमेला समुद्राच्या दिशेने सरळ आलात की लागतो तो कोळीवाडा. नेहमीच्या मंडळींना हे माहीत आहे. नवीन असाल तर तुमचं स्वागत.

डिसेंबर सुरू झालाय आणि गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी तिघा-चौघांनी जवळपास एकच प्रश्न पाठवलाय. नाताळ येतो, धावपळ होते, फोटो निघतात, केक संपतो आणि 26 तारखेला वाटतं, अरे, नाताळ झाला कधी? मिस्साला गेलो होतो, पण मन तिथे होतं का? या सगळ्यात श्रद्धा कुठे ठेवायची?

आज त्याच्यावरच बोलू. सुरुवातीलाच सांगते, मी फादर नाही, सिस्टर नाही, धर्मशिक्षणाची डिग्री नाही. तुमच्यासारखीच नोकरी करते, डिसेंबरमध्ये ऑफिसची वर्षअखेर सांभाळते आणि रात्री घरी येऊन कुलकुल वळते. त्यामुळे प्रवचन नको, गप्पा मारू.

गडबड म्हणजे नक्की काय?

डिसेंबरमध्ये दांड्यातल्या ख्रिस्ती कोळ्याच्या घरात काय चालू असतं ते सांगते, म्हणजे वसई, मालाड, गोराई, कुठलेही असलात तरी तुम्हाला आपलं घर आठवेल.

नोव्हेंबरपासूनच बांद्र्याच्या हिल रोडवर तारे टांगलेले दिसायला लागतात. मग घराची साफसफाई, जमलं तर रंग. मग फराळ. नेवऱ्या, कुलकुल, मिल्क क्रीम, मार्झिपान, पेरूचं चीज. कुलकुल काट्यावर वळायला सगळं घर बसतं आणि तरी पीठ संपत नाही. मग शिंप्याकडे फेऱ्या. क्वायरची प्रॅक्टिस. गोठ्याची स्पर्धा. ऑफिसात सिक्रेट सांता. पोरं 31 तारखेला जाळायचा ‘ओल्ड मॅन’ बनवायला जुन्या पँटी मागत दारोदार फिरतात, त्यांना चिल्लर द्यायची.

आणि आमच्याकडे याच्यावर आणखी एक काम. म्हावरं. नाताळच्या जेवणासाठी सगळ्यांनाच कोळंबी, सुरमई, पापलेट हवं असतं. म्हणजे बाकीचे सणाची तयारी करतात तेव्हा कोळीण बाजारात बसलेली असते. माझी आई 24 तारखेला दुपारपर्यंत पाटीवर असते. हात धुवून, साडी बदलून ती रात्रीच्या मिस्साला येते तेव्हा लिंबू चोळूनही हाताचा वास गेलेला नसतो.

हे मुद्दाम सांगतेय. आपल्याला दरवर्षी ऐकायला मिळतं की बाजारूपणा वाईट, खरेदी वाईट, नाताळ साधेपणाने करा. ते ऐकायला छान वाटतं. पण आईच्या त्या दोन दिवसांच्या विक्रीवर आमच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्यात. तुमच्यातले किती जण मॉलमध्ये, हॉटेलात, डिलिव्हरीवर, बेकरीत काम करता. दुसऱ्यांचा सण म्हणजे तुमची ड्युटी. ‘गडबड सोडा आणि शांत बसा’ हा सल्ला तुम्हाला देऊन उपयोग नाही. शांत बसायची सोय असलेल्यांनी तो एकमेकांना द्यावा.

मग प्रश्न असा उरतो की गडबड राहणारच असेल, तर तिच्यात येशूला जागा कुठे?

बेथलेहेम फुल्ल होतं

लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढा. आपण तो इतक्या वेळा ऐकलाय की कानावरून जातो. पण या वेळी गर्दीकडे लक्ष देऊन ऐका.

रोमच्या बादशहाने नावनोंदणीचा हुकूम काढलाय. ज्याने त्याने आपापल्या मूळ गावी जायचं. म्हणजे गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांसारखी अवस्था. रस्ते भरलेले, घरं भरलेली. त्यात योसेफ आणि दिवस भरलेली मरिया. उतरायला जागा मिळत नाही. बाळ जन्मतं, त्याला कपड्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवतात. गव्हाण म्हणजे जिच्यात गुरांना चारा घालतात ती.

आपण नाटकात काय दाखवतो? एक खडूस माणूस दार आपटतो, ‘जागा नाही, जा!’ लूककडे असा कोणी माणूसच नाही. त्याने फक्त एवढं लिहिलंय की जागा नव्हती. कोणी हाकलून दिल्याचं लिहिलेलं नाही. गाव भरलं होतं, एवढंच.

मला ही गोष्ट फार जवळची वाटते. आपल्यातल्या कोणी ठरवून येशूला नाताळमधून बाहेर काढलेलं नाही. आपण नास्तिक झालोय असंही नाही. आपला डिसेंबर भरलेला आहे, बस. आणि भरलेल्या घरात पाहुणा आला की त्याला उरलेल्या कोपऱ्यात बसवतात.

आता त्याच अध्यायात पुढे बघा. जन्माची बातमी सगळ्यात आधी कोणाला मिळाली? मेंढपाळांना. ते त्या वेळी काय करत होते? प्रार्थनेला बसले नव्हते, उपास धरून ध्यान करत नव्हते. रात्रपाळीवर होते. कळप राखत होते. देवदूत कामाच्या जागी आला.

म्हणजे पहिल्या नाताळला पोचलेले पहिले लोक नाइट शिफ्टवाले होते. कॉल सेंटरवाल्यांनो, नर्स ताईंनो, वॉचमन काकांनो, हे तुमच्यासाठी. सुट्टी मिळाली नाही म्हणून तुमचा नाताळ कमी प्रतीचा होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. श्रद्धेला रिकामा डिसेंबर लागत नाही. भरलेल्या डिसेंबरमध्ये एक छोटी, ठरलेली जागा लागते. गव्हाणीएवढी. पण ती आधी ठेवावी लागते. ‘उरला वेळ तर’ म्हणाल तर उरत नाही. माझा अनुभव आहे, कुलकुलचं पीठ उरतं, वेळ उरत नाही.

वाट बघायची सवय

चर्चने ही जागा आधीच आखून दिली आहे. तिचं नाव आगमनकाळ. नाताळच्या आधीचे चार रविवार. 30 नोव्हेंबर हा संत आंद्रेयाचा सण, त्याच्या जवळचा जो रविवार असेल तिथून आगमनकाळ सुरू होतो. आणि आंद्रेया कोण? पेत्राचा भाऊ, गालीलच्या सरोवरातला कोळी. आपल्याच धंद्यातला माणूस.

या चार आठवड्यांत देवळात काय बदलतं, कधी निरखलंय? फादरांचा झगा जांभळा होतो. वेदीजवळ हिरव्या फांद्यांचं कडं येतं, त्यात मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटते. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. आणि आगमनकाळातल्या रविवारच्या मिस्सात ग्लोरिया म्हणत नाहीत. चार आठवडे ते गाणं थांबवून ठेवलेलं असतं. मग नाताळच्या रात्री घंटा वाजतात आणि ग्लोरिया सुरू होतं, तेव्हा अंगावर काटा येतो. चार आठवडे थांबलो म्हणून येतो.

बाहेर मात्र उलटं चालू असतं. 1 डिसेंबरलाच जिंगल बेल्स सुरू, पार्ट्या सुरू, केक कापणं सुरू. 25 तारीख उजाडते तेव्हा आपण दमलेले असतो, पोट भरलेलं असतं आणि गाणी ऐकून कंटाळलेलो असतो. आणि 26 ला तारा खाली. खरं तर चर्चचा नाताळकाळ 25 ला सुरू होतो. तीन राजांच्या सणाला ओलांडून, येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत तो चालतो. आपण वाट बघायच्या दिवसांत सण उरकतो आणि सणाच्या दिवसांत आवराआवर करतो.

वाट बघणं म्हणजे काय हे कोळ्याच्या पोराला कोणी शिकवायला नको. डोलीचं जाळं असतं ना, बोंबील, जवळा पकडायचं, ते पाण्याच्या ओढीवर चालतं. जाळं लावायचं काम आपलं. भरायचं काम पाण्याचं. उधाण कधी, भांग कधी, सगळं चंद्रावर. तुम्ही कितीही घाई करा, भरती तुमच्यासाठी लवकर येत नाही. पण जाळं वेळेवर लावलं नसेल, तर आलेली भरती तशीच निघून जाते.

प्रार्थनेचं तसंच आहे असं मला वाटतं. रोज काही जाणवेलच असं नाही. बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, डोक्यात ऑफिसचं चालू असतं. तरी जाळं लावून ठेवायचं.

तारा न लावलेला नाताळ

आता थोडं घरचं सांगते. सांगू की नको असं झालं होतं, पण प्रश्न पाठवणाऱ्यांपैकी एकीने लिहिलंय की यंदा तिचे पप्पा नाहीत आणि तिला नाताळ नकोसा झालाय. तिच्यासाठी सांगते.

काही वर्षांपूर्वी माझी आजी नोव्हेंबरच्या शेवटी गेली. आमच्या आळीत रीत आहे, ज्या घरात दुःख झालंय त्या घरात त्या वर्षी फराळ करत नाहीत, तारा लावत नाहीत, नवे कपडे नाहीत. सगळी गल्ली उजळलेली आणि मधेच आमचं घर अंधारात. रात्री लांबून येताना दात पडल्यासारखं दिसायचं.

आमच्याकडे नाताळ म्हणजे आजीच होती. पीठ ती मळायची, नारळ ती खवायची, कोणाच्या घरी किती नेवऱ्या जाणार हे तिच्या बोटांवर असायचं. ती नाही आणि वर फराळही नाही, म्हणजे नाताळच नाही, असं मला वाटत होतं. माझा धाकटा भाऊ तेव्हा लहान होता. त्याने आईला विचारलं, ‘तारा नाय लावला तर बाल येशूला आपलं घर कसं गावेल?’

आई त्या दिवशीही बाजार करूनच आली होती. ती म्हणाली, ‘त्याला अंधारातली घरं बरोब्बर गावतात, बाबा.’

आई काही शिकलेली नाही. पण मला वाटतं, नाताळवर यापेक्षा जास्त कोणी काही सांगितलेलं नाही.

त्या वर्षी आम्ही गोठा मात्र मांडला. दिवे नाहीत, धबधबा नाही, कापूस नाही. एक लाकडी फळी, थोडं गवत, मरिया, योसेफ आणि मधली गव्हाण रिकामी. रोज रात्री तिथे बसून रोझरीचं एक दशक म्हणायचो. आजीचं नाव घ्यायचो. 24 ला मिस्साहून आल्यावर भावाने बाळ आणून ठेवलं.

आणि 25 ला सकाळी दार वाजायला लागलं. आमच्या घरी फराळ नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळ्यांच्या घरून ताटं आली. शेजारच्या काकू हिंदू कोळी, दिवाळीला आमच्याकडे त्यांचं ताट येतंच. त्यांनी त्या दिवशी खास करंज्या करून आणल्या. म्हणाल्या, ‘तुमच्या नेवऱ्या नि आमच्या करंज्या एकच, आजीनंच मला शिकवल्या.’ आई तेव्हा पहिल्यांदा मोकळी रडली.

तारा नव्हता, कपडे नव्हते, फोटो तर एकही नाही. तरी मला विचाराल तर तो नाताळ माझ्या लक्षात सगळ्यात जास्त राहिलाय. बाकी सगळं काढून घेतल्यावर जे उरलं, तोच नाताळ होता. बाळ, प्रार्थना आणि दार वाजवणारी माणसं.

तर माझ्या ताई, तू लिहिलंयस की यंदा सण करायचा की नाही कळत नाही. सण नको करूस. नाताळ मात्र असू दे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या भाषेत एकदा

आणखी एक विषय, जरा वेगळा वाटेल, पण आहे याच्याशी जोडलेला. आपल्यातले बरेच जण इंग्रजीत प्रार्थना करतात. शाळा इंग्रजी, मिस्सा इंग्रजी, कॅरल इंग्रजी. त्यात वाईट काही नाही. पण रडताना, घाबरल्यावर, आईशी भांडताना आपण मराठीतच बोलतो ना? मग देवाशी कधीतरी त्या भाषेत बोलून बघायला काय हरकत आहे?

आणि हे नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज जेज्विट 1579 मध्ये गोव्यात आले. मराठी शिकले, अशी शिकले की त्यांनी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. ज्ञानेश्वर-एकनाथांचा जो छंद, त्या छंदात येशूची कथा. परदेशातून आलेल्या माणसाला वाटलं की या लोकांना ही गोष्ट त्यांच्या घरच्या भाषेत मिळाली पाहिजे. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी भक्तिगीतं लिहिली, आजही मराठी उपासनेत ती गायली जातात. आणि आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, 2024 मध्ये आपल्याला सोडून गेले. त्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहून ठेवलंय. भाषा इतकी सोपी की आजीलाही कळेल आणि आपल्यालाही.

एक करून बघा. 24 च्या रात्री जेवणाआधी घरातल्या सगळ्यात लहान मुलाला लूकचा दुसरा अध्याय मराठीत मोठ्याने वाचायला सांगा. विसाव्या ओवीपर्यंत. अडखळेल, चुकेल, सगळे हसतील. हसू द्या. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांचा चेहरा बघा.

मग करायचं काय?

आता कामाचं. पाच गोष्टी सांगते. पाचही करायच्या नाहीत. एक निवडा. दोन म्हणजे डोक्यावरून पाणी.

पहिली. लूकच्या शुभवर्तमानात 24 अध्याय आहेत. 1 डिसेंबर ते 24 डिसेंबर, दिवस 24. रोज एक. एका अध्यायाला साधारण पाच ते दहा मिनिटं लागतात, म्हणजे खार ते अंधेरी. फोनवर बायबलचं अ‍ॅप आहेच. उशिरा सुरुवात केलीत तर दोन-दोन वाचा. आणि यात गंमत अशी की 24 तारखेला तुम्ही शेवटच्या अध्यायावर पोचता, तिथे कबर रिकामी सापडते. त्याच रात्री तुम्ही गोठ्यासमोर उभे राहता, तेव्हा हे बाळ कोण आहे आणि याच्या पुढे काय वाढून ठेवलंय ते तुम्हाला माहीत असतं. त्या बाळाकडे बघायची नजर बदलते.

दुसरी. गल्लीतला क्रूस. आपल्या चुईम, पाली, रनवार, सगळ्या गावठाणांत क्रूस आहेत. त्यातले बरेच 1896 नंतरच्या प्लेगच्या काळातले. माणसं पटापट मरत होती, तेव्हा लोकांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारले आणि तिथे जमून प्रार्थना केली. आज आपण त्याच्यासमोरून रिक्षा पकडायला धावतो. डिसेंबरभर येताजाता दहा सेकंद थांबा. दहाच. चपला काढायची गरज नाही, फक्त फोन खिशात टाका आणि एक नाव घ्या. घरातलं कोणी आजारी असेल त्याचं, नोकरी गेलेल्या मित्राचं.

तिसरी. गव्हाण रिकामी ठेवा. गोठ्याची सुरुवात संत फ्रान्सिस असिसीकर यांच्यापासून सांगतात. 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्यांनी खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून मिस्सा करवून घेतली. लोकांना बेथलेहेमची गरिबी डोळ्यांनी दिसावी म्हणून. स्पर्धा नव्हती, बक्षीस नव्हतं. आपण एलईडी लावा, आमच्याकडे गोठ्याशेजारी होडी आणि जाळंही ठेवतात, तेही छान. पण बाळ 24 च्या रात्रीपर्यंत ठेवू नका. लहान मुलांना सांगा, दिवसभरात कोणाला मदत केली तर गवताची एक काडी गव्हाणीत टाकायची. मोठ्यांनाही चालेल. माझ्या अनुभवात मोठ्यांच्या काड्या कमी पडतात.

चौथी. पहिलं ताट कोणाला? आपण फराळाचं ताट आधी कोणाकडे पाठवतो? ज्यांच्याकडून मोठं ताट येतं त्यांच्याकडे. यंदा पहिलं ताट त्या घरी जाऊ दे जिथून परत काही यायचं नाही. दुःखाचं घर, एकटे राहणारे म्हातारे अंकल, परप्रांतातून होडीवर कामाला आलेली पोरं, बिल्डिंगचा वॉचमन. 6 डिसेंबरला ज्यांचा सण असतो ते संत निकोलस, ज्यांच्यापासून आजचा सांता आला, त्यांच्याबद्दलही हीच आठवण सांगतात. लपूनछपून द्यायचे, ज्यांना परत देता येणार नाही त्यांना. सिक्रेट सांता तोच खरा. आणि हो, ताट पोचवताना दोन मिनिटं बसा. नुसतं दारात देऊन पळू नका.

पाचवी. 24 ची रात्र. उघड्यावर लाउडस्पीकरला रात्री दहानंतर बंदी आहे. सणांसाठी काही दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, तरी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ‘मिडनाइट मिस्सा’ मध्यरात्रीच्या बरीच आधी सुरू होते. वेळ आधी बघून ठेवा. आणि वेळेच्या पंधरा मिनिटं आधी जाऊन बसा. फोटो देवळाच्या बाहेर काढा, सगळे काढा, आंटीच्या नव्या साडीसकट काढा. आत गेल्यावर फोन बंद. ग्लोरिया सुरू झाल्यावर तो रेकॉर्ड करू नका, गा. सूर लागत नसेल तरी गा. क्वायरवाले सांभाळून घेतील.

आणि ज्यांना या सगळ्यातलं एकही जमणार नाही, कारण 24 ला डबल शिफ्ट आहे, त्यांनी 25 ची नाहीतर त्यानंतरची कुठलीही मिस्सा बघा. नाताळकाळ संपलेला नसतो. तीन राजे किती लांबून आले, किती दिवस चालले असतील. उशिरा पोचले म्हणून मरियेने त्यांना परत पाठवलं नाही.

हाताला वास असलेल्यांसाठी

जाता जाता एक.

लूकच्या दहाव्या अध्यायात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी आलाय, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसलीय आणि मार्था कामात बुडालीय, चिडलीय. आपण ही गोष्ट ऐकतो आणि दर डिसेंबरला घरातल्या बायकांना वाटतं, आपण मार्था, आपलं चुकतंय. काम केलं नाही तर सण कसा होणार, आणि काम केलं तर प्रार्थना कधी? मला वाटतं येशूने तिला कामावरून बोल लावला नाही. ती काळजीने पोखरली गेली होती, पाहुणा घरात असून तिला दिसत नव्हता, ते त्याने दाखवलं. आणि घरातल्या मुलग्यांनो, तुम्ही कुलकुल वळायला आणि भांडी घासायला बसलात तर मार्थेला पायाशी बसायला वेळ मिळेल. हीसुद्धा आगमनकाळाची तयारीच आहे.

आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय वाचा. पुनरुत्थानानंतरची गोष्ट. पेत्र आणि सोबतचे रात्रभर जाळी टाकून दमलेत, हाती काही नाही. पहाट होते. किनाऱ्यावर कोणीतरी उभा आहे. जवळ येऊन बघतात तर येशू. त्याने निखारे पेटवलेत, त्यावर मासळी भाजत ठेवलीय, भाकर आहे आणि तो म्हणतोय, या, न्याहारी करा.

बेथलेहेमच्या गव्हाणीत ठेवलेलं बाळ मोठं होऊन हेच करतं. दमलेल्या कोळ्यांसाठी चूल पेटवतं. त्याने त्यांना आधी हात धुवून यायला सांगितलं नाही.

म्हणून यंदा तुम्ही देवळात पोचाल तेव्हा दमलेले असाल, झोप येत असेल, हाताला मासळीचा, मैद्याचा, पेट्रोलचा वास असेल, तर लाजू नका. तसेच या. तो ज्यांच्याकडे आला ते असेच होते.

चला, आजच्यापुरतं एवढंच. पाचातली कुठली गोष्ट निवडलीत ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात काही ऐकवू. आणि ज्या ताईने पप्पांबद्दल लिहिलंय, तिच्यासाठी आज झोपताना सगळ्यांनी एक ‘नमो मरिया’ म्हणा. ती ऐकत असेल.

आगमनकाळाच्या शुभेच्छा. नाताळच्या 25 ला देईन, आधी नाही! भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.